पडक्या गढीत मेटल डिटेक्टर: आधी ढिगारा, मग रान, पांढरीला हात नको

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. जालना जिल्ह्यात तुमच्या भावकीची एक पडकी गढी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा एक बुरूज ढासळला आणि त्या मातीत तुमच्या चुलतभावाला तांब्याची दोन नाणी मिळाली. गढीला लागून तुमचं स्वतःचं रान आहे. आता मेटल डिटेक्टर घेऊन नीट शोध घ्यायचा विचार आहे. ऑनलाइन पंधरा-वीस हजारांचं मशीन पाहिलंय, शिवाय एक विक्रेता दोन लाखांत ‘वीस फुटांखालचं सोनं दाखवणारं’ यंत्र देतोय. कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी, आणि सापडेल ते आपलंच ना?

मी बरीच वर्षं जुने वाडे आणि गढ्या दुरुस्त करण्याच्या कामात आहे. नाण्यांचा नाद त्या कामातूनच लागला आणि डिटेक्टर कामावर कायम जवळ असतो. मशीनबद्दल पुढे सांगतोच. पण त्याआधी जागेचा विचार करायला हवा, कारण तुमच्याकडे एकाच आवारात तीन वेगवेगळ्या जमिनी आहेत: पडलेल्या बुरजाचा ढिगारा, नांगरटीचं काळं रान, आणि गढी जिच्यावर उभी आहे ती न हललेली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती. पहिल्या दोन ठिकाणी मशीन जरूर फिरवा. पांढरीवर मात्र सिग्नल कितीही खणखणीत आला तरी खुरपं लावू नका.

याचं कारण असं. पांढरीत शेकडो वर्षांची वस्ती थरांनी साठलेली असते. घर पडलं, त्याच्या मातीवर दुसरं उठलं, मध्ये राख, खापरं, शेणाचा सारवा, परत भिंत. तुमच्याच जिल्ह्यातलं भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन, किंवा इकडे पैठण आणि तेर, इथला सातवाहनकाळ अभ्यासकांना कळला तो असे थर एकेक करून उलगडल्यामुळे. नाणं कोणत्या थरात होतं हे माहीत असेल तर ते नाणं त्या थरातल्या खापराला, मण्याला, विटेला वय देतं. तेच नाणं खड्डा करून उपसलं की हातात फक्त तांबं राहतं, आणि खड्ड्यामुळे वरखालचे थर कायमचे मिसळतात.

माझ्या कामातलंच एक उदाहरण देतो. एका गढीची आतली भिंत अहमदनगरच्या ‘निजामशाहीतली’ असं घरातले सगळे सांगत. ती उतरवताना खालच्या दोन थरांच्या मधल्या चिखलात, दगड जराही हललेला नसताना, हैदराबादच्या निजामाचं दोन पैचं नाणं दाबलेलं मिळालं. त्यावर हिजरी 1329 होतं, म्हणजे इसवी सन 1911. याचा अर्थ ती भिंत 1911 च्या आधीची असूच शकत नाही. बाजारात त्या नाण्याला फारसं कुणी विचारणार नाही. पण एका अख्ख्या भिंतीचा काळ त्याने ठरवून दिला, तोही ते जागेवर असताना आम्ही फोटो घेतले आणि थर मोजला म्हणून.

मोठ्या साठ्याच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावाने चालवला, हे या साठ्यावरून समोर आलं. तो साठा एकत्र अभ्यासायला मिळाला म्हणूनच छाप मारलेली किती आणि न मारलेली किती हे मोजता आलं. तीच नाणी पन्नास घरांत वाटली जाऊन सोनाराच्या मुशीत गेली असती, तर सातवाहनांच्या इतिहासातला हा मोठा पुरावाच उरला नसता. म्हणून गढीत कुठे मडकं, गडू किंवा डबा लागला, तर फोडायचं नाही, नाणी मोजायलाही बाहेर काढायची नाहीत. काम तिथेच थांबवायचं.

आता काळं रान. तिथे मी शोधायला हरकत नाही म्हणतो, त्याला कारण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगा कधी कधी मीटरभर खोल जातात. वरची वस्तू त्या भेगांतून खाली जाते, पावसाळ्यात माती फुगते आणि खालचं वर ढकलते. वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःलाच ढवळत असते, त्यात नांगर, वखर आणि आता ट्रॅक्टर. त्यामुळे काळ्या रानात वरच्या वीतभर मातीत मिळालेल्या नाण्याची खोली त्याच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही. इथे काळजीपूर्वक काढलेल्या नाण्याने इतिहासाचं नुकसान फार कमी होतं. तरीही ते रानाच्या कोणत्या भागात मिळालं हे महत्त्वाचं असतंच. मोबाइलवर लोकेशन साठवून ठेवा. एका कोपऱ्यातच नाणी, बांगड्यांचे तुकडे आणि खापरं दाट यायला लागली, तर तिथे खाली जुनी वस्ती असण्याची शक्यता असते. मग तो कोपरा सोडून द्या. मशीन नसलं तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर असं रान नुसतं पायी फिरून बघा. पाऊस माती धुऊन नेतो आणि नाणं, मणी वर उघडे पडतात. पैठणच्या बाळासाहेब पाटलांनी आणि तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपापल्या गावातल्या अशाच वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि आज दोघांच्या नावाने तिथे सरकारी वस्तुसंग्रहालयं आहेत. गावात राहून, गावाशी प्रामाणिक राहून काय होऊ शकतं ते बघायचं असेल, तर तेरला एकदा जाऊन या.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगली जागा मात्र तो ढिगारा आहे. ती माती आधीच हललेली आहे, तिचे थर गेलेत, आणि कोणीतरी लवकरच जेसीबी लावून ती भरावाला नेणार हे नक्की. ती जाण्याआधी तिच्यातून जे वाचवता येईल ते वाचवणं हे उपयोगाचं काम आहे. आम्ही कामावर कसं करतो ते सांगतो. ढिगाऱ्याचे आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे. मग त्याचे अंदाजे भाग पाडायचे: वरची माती कुठे पडली, पायथ्याची कुठे. बुरूज ढासळताना बहुधा वरचा भाग लांब जातो आणि बुडाची माती जवळ राहते, त्यामुळे हे भाग वेगळे ठेवले तर थोडी तरी माहिती टिकते. एका भागातली माती पातळ पसरायची, चार बोटांपेक्षा जाड नाही, त्यावर मशीन फिरवायचं, मग ती वाळू चाळायच्या चाळणीतून काढायची. चाळणी टाळू नका. मणी, खापर, काचेची आणि शंखाची बांगडी यांचा मशीनला पत्ताच नसतो, आणि गढीच्या रोजच्या जगण्याबद्दल नाण्यांपेक्षा याच वस्तू जास्त सांगतात. प्रत्येक भागासाठी वेगळी पिशवी, आत चिठ्ठी. चुलतभावालाही विचारा की ती दोन नाणी ढिगाऱ्याच्या कोणत्या बाजूला होती, आणि ते लिहून ठेवा.

काय मिळेल? गढीच्या वापराचा काळ पाहता शिवराई, निजामाची तांब्याची नाणी, इंग्रजांचा पाव आणा, 1943 पासूनचा भोकाचा पैसा हे सगळ्यात जास्त. ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं अर्धीमुर्धी दिसली की शिवराई. दोन ओळींच्या मध्ये दुहेरी रेघ असेल तर दुदांडी, ती शिवरायांच्या नंतर बऱ्याच काळाने पाडलेली. फार्सी अक्षरं असतील तर बहुधा आसफजाही, म्हणजे निजामाचं, किंवा त्याआधीचं मोगल. औरंगाबादच्या टांकसाळीच्या मोगल नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असं शहराचं नाव येतं, ते वाचता आलं तर मला नक्की कळवा. चांदीचा रुपया क्वचितच मिळतो. मिळाला तर तो हाली, म्हणजे निजामाचा, की कलदार, म्हणजे इंग्रजांचा, हे वजनावरून लगेच कळतं: न झिजलेला कलदार 11.66 ग्रॅमचा, हाली त्याहून अर्ध्या ग्रॅमने हलका. आपल्याकडच्या जुन्या सावकारी चोपड्यांत सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब दिसतो, त्यामागे वजनाचा हा फरक आणि त्यासोबत चांदीच्या शुद्धतेतला फरक आहे. नाण्यांपेक्षा जास्त मिळेल ते म्हणजे बैलाच्या नाला, कुळवाची पास, फाळाचा तुकडा, दाराचे खिळे, जोडवी, घुंगरू, शिशाच्या गोळ्या. बंदुकीची भरलेली काडतुसं किंवा तोफेचा गोळा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

आता मशीन. दोन लाखांचं यंत्र घेऊ नका. नाण्याएवढी वस्तू वीस फुटांवरून दाखवणारं यंत्र अस्तित्वात नाही, आणि याचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. मशीनच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह फिरतात, आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र कॉइल परत पकडते. क्षेत्र जाताना कमी होतं, येताना परत कमी होतं. कॉइलच्या आकारापेक्षा अंतर बरंच जास्त असेल, तर अंतर दुप्पट झालं की छोट्या वस्तूचा सिग्नल साधारण चौसष्टपटींनी घटतो. मोठ्या चौकटीची यंत्रं असतात, ती पेटीएवढा धातू मीटर-दोन मीटरवरून पकडतात, पण आत सोनं आहे की पत्रा हे ती सांगू शकत नाहीत. अँटेना धरून ‘पलीकडच्या शेतातलं सोनं’ दाखवणारी यंत्रं म्हणजे शुद्ध फसवणूक. असा विक्रेता बऱ्याचदा एखाद्या महाराजालाही सोबत आणतो: गुप्तधन आहे, पण विधी करावा लागेल. मराठवाड्यात या नादात कर्ज काढून घरं बसली आहेत आणि माणसांचे जीवही गेले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. असा माणूस दारात आला तर त्याला आत घेऊ नका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा.

पंधरा-वीस हजारांतलं व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीच्या) प्रकारचं मशीन तुम्हाला पुरेसं आहे, पण त्यात ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीमुळे येणारा आवाज दाबायची सोय, हाताने लावता आला पाहिजे. ही अट सोडू नका. आपली माती बेसाल्टची आहे, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात, आणि ज्या मशीनचा बॅलन्स कंपनीतच ठरवून दिलेला असतो ते इथे सतत बडबडतं. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीवर वरखाली हलवून आवाज स्थिर होईपर्यंत बॅलन्स लावायचा, आणि ढिगाऱ्यावरून रानात गेलात की परत लावायचा. काळ्या दगडाचे गोटे, भाजलेली वीट आणि चुलीची जळकी माती यांनाही मशीन फसतं. जाहिरातीत एक फूट खोली लिहिलेली असते. आपल्या मातीत नाण्यासाठी वीतभर धरा, त्याच्या आतच धरलं तर जास्त बरं. पल्स इंडक्शन प्रकारचं मशीन अशा मातीत जास्त खोल जातं हे खरं, पण ते लोखंड वेगळं ओळखण्यात कच्चं असतं. खिळ्यांनी भरलेल्या गढीत त्याने तुमचा नुसता वेळ जाईल.

आणखी एक अडचण आपल्या गावांची खास आहे. गुटख्याच्या पुडीतला चकचकीत थर आणि लहानसा सोन्याचा मणी मशीनवर धातूचा प्रकार सुचवणारा जवळपास एकच आकडा दाखवतात. आकड्यावर विसंबून कचरा वगळायला गेलात तर चांगली वस्तूही वगळली जाते. म्हणून पसरलेल्या मातीत सगळेच सिग्नल बघायचे. चांदीचा रुपया आणि जाड तांब्याचं नाणं वरचा आकडा देतात, शिवराई जरा खाली, शिसं त्याहून खाली. खिळा शेजारी असेल तर नाणं झाकलं जातं, तेव्हा कॉइल जमिनीशी समांतर ठेवून सावकाश फिरवा. मोठ्या कॉइलपेक्षा लहान कॉइल ढिगाऱ्यावर जास्त कामाची.

नाणं हातात आल्यावर आपल्याकडे पहिली इच्छा होते ती घासून बघण्याची. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, यातलं काहीही लावू नका. तांब्यावरचा घट्ट हिरवा-तपकिरी थर हाच नाण्याचा कातडा असतो, अक्षरं त्यातच टिकलेली असतात. घासलं की अक्षरांसकट निघून जातो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून मऊ ब्रशने माती सोडवायची, सावलीत पूर्ण वाळवायचं, एवढंच. फिकट हिरवी भुकटी परत परत येत असेल तर तो गंज पसरणारा असतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत ठेवा. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची असतात. पांढरी भुकटी सुटलेलं शिसं विषारी असतं, हाताळल्यावर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि ते लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवू नका, कारण त्यांतून सुटणाऱ्या आम्लांनी शिसं कुजतं. पीव्हीसीच्या अल्बमने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, पॉलिथिनच्या पिशव्या चालतात. विकण्याच्या जाहिरातींना भुलू नका. जुनं नाणं लाखात घेतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये इशारा दिला होता.

‘सापडेल ते आपलंच ना?’ याचं उत्तर परिस्थितीवर आहे, पण सरळ ‘हो’ असं ते कधीच नसतं. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार मातीत किंवा मातीशी जोडलेल्या कशातही लपलेली, काहीही किंमत असलेली वस्तू निधी ठरते. भिंतही त्यात आली. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे: काय मिळालं, किती, कुठे, कधी. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. कुणाची मालकी सिद्ध झाली नाही, आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळं ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढी भरपाई मिळते. रझाकारांच्या धामधुमीत तुमच्याच आजोबांनी काही पुरलं असेल, तर शंभर वर्षांच्या आतल्या अशा ठेव्यावर मालकीचा दावा मांडायची सोय कायद्यात आहे. मात्र लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि स्वतःचा वाटाही जातो.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. गढी संरक्षित स्मारक आहे का? देवगिरीसारखं केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर तिथे आणि भोवतालच्या 100 मीटरमध्ये खोदकामाचा विचारच करायचा नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्येही परवानगीशिवाय काही नाही. राज्याच्या संरक्षित स्मारकांना 1960 चा राज्याचा कायदा आहे. बहुतेक गढ्या कोणत्याच यादीत नसतात, पण खात्री पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयातूनच करा. दुसरं, जागेची कागदपत्रं. गढी गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर किती नावं आहेत ते बघा आणि सगळ्यांची लेखी संमती घ्या. पुण्या-मुंबईला गेलेल्या चुलत्यांचीसुद्धा. नाणं निघाल्यावर भावकीत जे होतं त्यापेक्षा आधीची एक बैठक बरी. शिवाय शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो.

जिवाची काळजीही घ्या. उरलेल्या बुरजांच्या आणि भिंतींच्या पायथ्याशी काहीही उकरू नका, पांढऱ्या मातीची भिंत बुडाशी ओल धरते आणि न सांगता खाली येते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने ढिगाऱ्याच्या आसपास मुलांना येऊ देऊ नका. दगड उलटताना हाताने नाही, काठीने. घोणस आणि विंचू दोन्ही तिथे असणारच. जमिनीखालचं धान्याचं पेव किंवा तळघराचं तोंड उघडं पडलं तर आत उतरू नका. बंद पेवात ऑक्सिजन संपलेला असतो, पहिला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

ढिगाऱ्याचं काम सुरू करण्याआधीच एक साधा अर्ज तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला द्या: गढीचं नाव, गट नंबर, बुरूज कधी पडला, माती चाळून वस्तू नोंदवणार आहोत, काही मिळाल्यास कळवू. आतापर्यंत मिळालेल्या दोन नाण्यांचा उल्लेख त्यातच करा, दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन जोडा. असा अर्ज आधी गेलेला असला की पुढे गावात कुणी ‘हे लोक गुप्तधन काढतायत’ अशी तक्रार केली तरी तुमची बाजू कागदावर असते, आणि एखादा अधिकारी आस्थेचा निघाला तर तो स्वतः बघायला येतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.